दुरुस्तीचें घर आणि न मिळणारा माल

नवें घर कसें बांधावें याविषयीं पुष्कळ सांगितलें जातें. पण राहतें घर, त्यांत माणसें वावरत असतांना, दुरुस्त कसें करावें याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. आणि त्या दुरुस्तीच्या ऐन मध्यावर हवा तो माल बाजारांतून नाहींसा झाला तर काय करावें, हा प्रश्न तर ज्याच्यावर प्रसंग येतो त्यालाच सुचतो. माझ्यावर तो आला, आणि म्हणूनच आज आपणांपुढें या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें.

आमचें घर नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती रस्त्यावर, वाडी येथें आहे. वाडी म्हणजे मालमोटारींचें आणि गोदामांचें गांव. रात्रीं अंथरुणावर पडलें कीं मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज ऐकूं येतो. अशा गांवांत आमच्या न्हाणीघराचें काम अवघ्या अकरा टाइलांवांचून एकोणीस दिवस अडून बसलें. जुन्या टाइला फोडून झाल्या होत्या, नळ उघडे पडले होते, तीन भिंती नव्या टाइलांनीं झांकल्या होत्या आणि चौथी अर्धी राहिली होती. दुकानदाराकडे गेलों, तर उत्तर मिळालें कीं, "तो माल आतां येत नाहीं, कंपनीनें ती जातच बंद केली." माझ्या आईचें वय तेव्हां ७८ होतें आणि गुडघे धरलेले. ती एकोणीस दिवस काठी टेकीत शेजारच्या काकूंकडे स्नानाला जात होती. तिनें तक्रार केली नाहीं. परंतु रोज सकाळीं तिला फाटकाबाहेर पडतांना पाहिलें कीं आपण कांहीं चूक केली आहे, हें मला स्पष्ट कळत असे.

चूक दुकानदाराची नव्हती, माझीच होती. भिंतीचें क्षेत्रफळ मोजून नेमका तेवढाच माल मीं आणला होता. कोपऱ्यांत कापाव्या लागणाऱ्या टाइला, हाताळतांना फुटणाऱ्या टाइला आणि पुढें कधीं नळ फुटला तर लागणाऱ्या टाइला यांचा हिशेब मीं धरलाच नव्हता. त्या हिशेबाकडे येण्यापूर्वीं, माल मिळत नाहीं म्हणजे नेमकें काय होतें, तें पाहूं.

दुकानदाराच्या "नाहीं" या शब्दाचे तीन अर्थ असतात. पहिला अर्थ, आज नाहीं, पुढच्या खेपेला येईल. दुसरा अर्थ, या हंगामांत नाहीं. तिसरा अर्थ, पुन्हां कधींच नाहीं. या तिन्हींवरचे उपाय अगदीं निराळे आहेत. आणि बहुतेकांचें नुकसान होतें तें तिसऱ्या "नाहीं"ला पहिलें समजून वाट पाहत बसल्यामुळें. म्हणून "माल केव्हां येईल?" एवढेंच विचारून भागत नाहीं. "हा माल कारखान्यांत अजून तयार होतो काय? मागची खेप केव्हां आली? पुढच्या खेपेची मागणी नोंदली आहे काय?" असे तीन प्रश्न विचारावे. ज्या दुकानदाराला यांचीं उत्तरें देतां येत नाहींत, त्याच्या "चार दिवसांत येतो" या शब्दावर गवंडी बोलावूं नये.

हंगामी "नाहीं"चें आपल्याकडचें ठळक उदाहरण म्हणजे वाळू. नागपूर भागांत वाळू म्हटली कीं कन्हान आणि तिच्यासारख्या नद्यांचे घाट डोळ्यांपुढें येतात. पावसाळ्यांत नदीच्या पात्रांतून वाळू काढण्यास मनाई असते. शिवाय २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वाळूसारख्या गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाहि पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविल्यापासून घाटांचे लिलाव लांबणें, ही नित्याची गोष्ट झाली आहे. तेव्हां ज्याला श्रावणांत गिलावा करावयाचा आहे, त्यानें मृग लागण्यापूर्वींच वाळूची तजवीज केली पाहिजे. वाळू ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ती टिकाऊ वस्तु आहे. झांकून, नालीपासून दूर ठेवली तर चार महिन्यांत तिचें कांहीं बिघडत नाहीं. नदीची वाळू मिळालीच नाहीं, तर दगड भरडून केलेली वाळू वापरतां येते. सरकारी मानकांत तिला मान्यता आहे. मात्र तिच्यांत काँक्रीटची जाड आणि गिलाव्याची बारीक अशा दोन जाती असतात, आणि भुकटीचें प्रमाण अधिक झालें तर गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. म्हणून जात विचारून घ्यावी, आणि आधीं हातभर भिंतीवर गिलावा करून चार दिवस पाहावें.

सिमेंटची गोष्ट याच्या उलट आहे. वाळू आधीं आणून ठेवावी, पण सिमेंट ठेवूं नये. हवेंतील दमटपणा शोषून तें आपोआप कमजोर होत जातें. तीन महिन्यांहून जुनें सिमेंट तपासल्यावांचून महत्त्वाच्या कामास वापरूं नये असा नियम आहे. पोत्यावर भरल्याचा आठवडा आणि साल छापलेलें असतें, तें वाचावें. पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर ठेवावीं, भिंतीपासून फूटभर दूर ठेवावीं, आणि एकावर एक दहांहून अधिक रचूं नयेत. नेहमींच्या कंपनीचें सिमेंट मिळालें नाहीं तर दुसऱ्या चांगल्या कंपनीचें घेण्यास हरकत नाहीं. साध्या पोर्टलंड सिमेंटऐवजीं राख मिसळलेलें पॉझोलाना सिमेंट गिलाव्यास आणि फरशीच्या थरास उत्तम चालतें. फक्त तें सावकाश बळ धरतें, म्हणून पाणी सात दिवसांऐवजीं निदान दहा दिवस मारावें. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. तेव्हां हे तीन दिवस वांचविणारा मनुष्य पुढें भिंत दुसऱ्यांदां बांधतो.

आज सिमेंट दुकानांत उभ्या उभ्या मिळतें. पण नेहमींच तसें नव्हतें. १९८२ पूर्वीं सिमेंटवर पूर्ण सरकारी नियंत्रण होतें आणि परवान्यावांचून तें मिळत नसे. १९८२ मध्यें तें अंशतः आणि १९८९ मध्यें पूर्णपणें उठलें. त्या काळांत घर बांधणारांनीं चुना वापरला, विटांची सुरखी वापरली, काम दोन हंगामांत वांटून घेतलें. आणि अलीकडे २५ मार्च २०२० रोजीं टाळेबंदी सुरू झाली, तेव्हां ज्यांच्या घरांचीं छपरें उतरविलेलीं होतीं त्यांनीं काय सोसलें असेल, याची कल्पना करावी. तात्पर्य, मालाची टंचाई हा अपवाद नाहीं; तो धरूनच बेत आंखावा लागतो.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हवा तो माल मिळत नाहीं. पर्याय घ्यावा कीं थांबावें? मला अनुभवानें एक साधी विभागणी उपयोगी वाटली आहे. घरांतील सर्व माल तीन वर्गांत पडतो: भार वाहणारा, भिंतींत दडणारा आणि डोळ्यांना दिसणारा.

भार वाहणाऱ्या मालाच्या बाबतींत पर्याय आपण ठरवूं नये, ठेकेदारानेंहि ठरवूं नये, इंजिनियरला विचारावें. एक उदाहरण सांगतों. समजा, छज्ज्याला १६ मिलिमीटरच्या दोन सळया सांगितल्या आहेत आणि त्या बाजारांत नाहींत. ठेकेदार म्हणतो, "दहाच्या पांच टाकूं, दोनाच्या जागीं पांच!" ऐकावयास हें उदारपणाचें वाटतें. पण सळईचें बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असतें. सोळाच्या दोन सळयांचें क्षेत्रफळ ४०२ चौरस मिलिमीटर भरतें, आणि दहाच्या पांचांचें ३९३. म्हणजे पांच सळया दोनांपेक्षां कमीच. बाराच्या चार घेतल्या तर ४५२ होतात. पण त्या तेवढ्या रुंदींत मावतील काय, त्यांच्यामधून काँक्रीट खालीं उतरेल काय, हें पुन्हां जाणत्यानेंच पाहावें लागतें. विटांचेंहि तसेंच आहे. कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांची राख आमच्या शेजारचीच. तिच्या विटा आतां सर्रास मिळतात आणि चांगल्याहि असतात. परंतु त्यांचें माप जुन्या मातीच्या विटेशीं जुळेलच असें नाहीं. जुन्या भिंतीला नवी भिंत जोडतांना थर जुळले नाहींत तर सांध्यावर उभी चीर पडते. म्हणून तेथें दांते काढून गुंफण करावी आणि सांध्यावर जाळी मारून मगच गिलावा करावा.

दुसरा वर्ग भिंतींत दडणाऱ्या मालाचा, म्हणजे नळ आणि विजेच्या तारा यांचा. येथें पर्यायाची चूक आज दिसत नाहीं. ती गिलाव्याच्या आंत बसून वर्षा-दोन वर्षांनीं बाहेर येते. गरम पाण्याचा सीपीव्हीसीचा नळ मिळाला नाहीं म्हणून थंड पाण्याचा पांढरा नळ गीझरला जोडला, तर तो मऊ पडून सांध्यांत गळूं लागतो. दोन्ही नळांचें चिकटद्रव्यहि निराळें असतें. एकाचें दुसऱ्याला वापरूं नये. विजेच्या बाबतींत, दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, साध्या प्लगांना अडीच, आणि गीझर किंवा वातानुकूलन यंत्राला चार, असा सर्वसाधारण संकेत आहे. जाड तार नाहीं म्हणून बारीक तार ओढणें म्हणजे भिंतींत विस्तव ठेवणें होय. या वर्गांत एकच पर्याय आहे: थांबणें, किंवा त्याच प्रतीचा आणि त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा माल घेणें.

याच वर्गांतील आणखी एक फसवी वस्तु म्हणजे भिंतींत पुरावयाचा गरम-थंड पाण्याचा नळ. त्याचा पितळी सांगाडा भिंतींत जातो आणि वरची मूठ व झांकण मागाहून बसतें. दुकानदार म्हणतो, "सांगाडा आज न्या, मूठ पुढच्या आठवड्यांत देतों." भिंत बुजते, टाइला बसतात, आणि मग कळतें कीं ती मूठ आतां बनत नाहीं. एका कंपनीची मूठ दुसरीच्या सांगाड्यावर बहुधा बसत नाहीं. अशी वस्तु दोन्ही भाग हातीं आल्यावांचून भिंतींत जाऊं देऊं नये.

तिसरा वर्ग दिसणाऱ्या मालाचा: टाइला, रंग, लांकूड, कौलें. येथें पर्याय मोकळेपणानें घेतां येतो, कारण प्रश्न बहुधा शोभेचा असतो. तरी फसगत होते ती येथेंच अधिक. माझीच पुढची कथा ऐका. तीन दुकानें पालथीं घातल्यावर चौथ्या ठिकाणीं त्याच नांवाच्या आणि त्याच क्रमांकाच्या टाइला मिळाल्या. आनंदानें घरीं आणल्या. गवंड्यानें संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत बसविल्या. सकाळीं खिडकींतून ऊन आलें, आणि भिंतीवर एक फिकट पट्टा स्पष्ट दिसला. कारण असें कीं, टाइला भट्टींतून घाण्याघाण्यानें निघतात. प्रत्येक घाण्याची छटा आणि माप केसभर निराळें असतें. म्हणून खोक्यावर नांवाबरोबर घाण्याचा आणि छटेचा क्रमांक छापलेला असतो. आपल्याकडे येणाऱ्या टाइला बहुतांश गुजरातेंतील मोरबी येथून येतात. तेथें शेंकडों कारखाने रोज नवे नमुने काढतात आणि जुने टाकतात. सहा महिन्यांपूर्वींचा नमुना म्हणजे त्या बाजारांत कधीं कधीं गतकालच ठरतो.

तेव्हां हिशेब असा करावा. समजा, खोलीची जमीन १२० चौरस फूट आहे. ६०० मिलिमीटरच्या चौकोनी टाइला चार-चारांच्या खोक्यांत येतात आणि एक खोकें सुमारें साडेपंधरा चौरस फूट भरतें. आठ खोक्यांत १२४ चौरस फूट होतात. म्हणजे कापण्याफुटण्याला जेमतेम एक टाइल उरते. हें अपुरें आहे. शेंकडा दहा अधिक, म्हणजे नऊ खोकीं घ्यावीं, आणि सर्व एकाच घाण्याचीं आहेत हें दुकानांतच पाहावें. काम आटोपल्यावर दोन-तीन टाइला पलंगाखालीं जपून ठेवाव्या. खोक्याचा छापील तुकडा कापून बिलास टांचावा. दहा वर्षांनीं नळ फुटेल तेव्हां त्या तुमच्या उपयोगीं पडतील.

पर्यायी फरशी घेतांना रंगाइतकेंच जाडीकडे पाहावें. कोटा दगड वीस-पंचवीस मिलिमीटर जाड असतो, टाइल नऊ-दहा. एकाच्या जागीं दुसरी आली कीं जमिनीची पातळी बदलते. दार घासतें, नाहीं तर न्हाणीचें पाणी खोलींत शिरतें. हा फरक खालच्या थरांत भरून काढावा, आणि तो थर टाकण्यापूर्वींच ठरवावा. रंगाचे डबे एकाच वेळीं घ्यावे. निरनिराळ्या वेळचे असतील तर एका मोठ्या पिंपांत एकत्र ढवळून मग भिंतीला लावावे. निदान जुना डबा संपून नवा उघडावयाचा तो भिंतीच्या कोपऱ्यावर, मध्यावर नव्हे.

लांकडाविषयीं विदर्भाला फार दूर पाहावें लागत नाहीं. आलापल्ली-बल्लारपूर भागांतील सागाची ख्याति एवढी आहे कीं २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या कामाकरितां तो येथून गेला. परंतु सुकलेला साग हवा तेव्हां हव्या त्या मापाचा मिळत नाहीं, आणि घाईनें ओलें लांकूड घेऊन वैशाखांत दार बसविलें तर तें आटतें, वांकतें. आषाढांत फुगून चौकटींत अडतें. अशा वेळीं न सुकलेल्या सागापेक्षां चांगल्या प्रतीचें तयार फळीचें दार बरें. मंगळुरी कौलांचेंहि असेंच. बासेल मिशननें १८६५ मध्यें मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि तीं कौलें देशभर पसरलीं. पुढें पुष्कळ कारखाने बंद झाले. आज जुन्या छपराला नवें कौल नेमकें खांचेंत बसेलच असें नाहीं. तेथें एक युक्ति उपयोगी पडते: छपराची मागची उतरण पूर्ण नव्या कौलांनीं झांकावी आणि तिचीं जुनीं शाबूत कौलें पुढच्या बाजूच्या दुरुस्तीस वापरावीं. जुन्या मोझॅइक लाद्यांनाहि हीच रीत लागू आहे. पलंगाखालच्या, कपाटाखालच्या लाद्या उचलून दर्शनी जागीं लावाव्या आणि त्यांच्या जागीं साधी फरशी घालावी.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. माल घेतांना नांव, क्रमांक, घाणा, माप, जाडी आणि पोंचविण्याची तारीख बिलावर लिहून घ्यावी. न उघडलेलीं खोकीं परत घेणार कीं नाहीं, हेंहि लिहावें. सर्व रक्कम आगाऊ देऊं नये. आणि पर्याय घ्यावयाचा झाल्यास तो घरधन्याला दाखवून, त्याचा होकार घेऊनच बसवावा, असें ठेकेदाराशीं पहिल्याच दिवशीं ठरवावें. ज्या दिवशीं मालावांचून काम बंद राहील त्या दिवसाच्या मजुरीचें काय, तेंहि तेव्हांच बोलावें. गवंडी आपल्या शब्दावर दुसरें काम सोडून आलेला असतो. आपल्या अंदाजाची चूक त्याच्या रोजावर घालणें हा अन्याय आहे. आमच्या गवंड्याला मीं अर्धी मजुरी देऊं केली, तेव्हां त्यानें ती न घेतां त्या दिवसांत आमच्या गच्चीची गळती काढून दिली. काम अडलें तरी हात अडत नाहीं. दुसरें एखादें काम राखून ठेवलेलें असावें, हें मी त्याच्याकडून शिकलों.

सर्वांत मोठा नियम मात्र एकच आहे, आणि तो मला उशिरां कळला. आधीं सर्व माल घरांत येऊं द्यावा, तो मोजावा, मगच जुन्या भिंतीला घण लावावा. जुनें न्हाणीघर कुरूप असेल, पण तें चालतें असतें; फोडलेलें न्हाणीघर कोणाच्याच उपयोगाचें नसतें. दोन न्हाणीघरें असतील तर एका वेळीं एकच काढावें. आणि घरांत वृद्ध, आजारी किंवा तान्हें मूल असेल तर दुकानदाराची तारीख धरून नव्हे, तर त्या माणसाची सोय धरून कामाचा दिवस ठरवावा.

आमच्या भिंतीचें पुढें काय झालें, तें सांगून आपली रजा घेतों. तो फिकट पट्टा काढून टाकला. त्या वेळीं नवी जुळती टाइल शोधण्याचा नाद आम्हीं सोडला, आणि कंबरेच्या उंचीला चारहि भिंतींवरून साध्या पांढऱ्या टाइलांचा एक पट्टा फिरविला. तीन भिंतींवरून त्यासाठीं निघालेल्या टाइलांपैकीं ज्या शाबूत उतरल्या, त्यांनीं चौथी भिंत पुरी झाली. विसाव्या दिवशीं आईनें घरीं स्नान केलें. त्या पांढऱ्या पट्ट्याच्या उंचीवरच गवंड्यानें आपण होऊन तिच्यासाठीं एक धरावयाचा दांडा बसविला होता. मूळ बेतांत तो नव्हता. येणारे पाहुणे त्या पट्ट्याची वाखाणणी करतात. आई मात्र दांड्याचीच करते.